पोळाची मालकीण

सरूबाई चिडली की आधी शिंका येतात. तिला नाही, समोरच्याला. मुलुंड पूर्वेला मिठागराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आमच्या चाळीच्या तोंडाशीच, तिची मिरची-मसाला कांडून द्यायची गिरण आहे. दिवसभर तिथं लोखंडी मुसळं ठणाठणा आपटत असतात आणि त्या लाल धुरळ्यात सरूबाई नाकातोंडाला फडकं बांधून बसलेली असते. केसांत मिरची, पापण्यांत मिरची, पदरात तर पावशेरभर. भांडायला उठली की ती आधी पदर झटकते. मग समोरचा शिंकत राहतो आणि ती बोलत राहते. तिच्याशी भांडून जिंकलेला माणूस मुलुंडात अजून जन्मायचाय, आणि त्यातलं निम्मं श्रेय त्या पदराचं आहे.

तिची नक्कल शेंबडं पोरही करतं. एक हात कमरेवर, दुसऱ्याचं बोट समोरच्याच्या नाकासमोर, आणि आवाज गिरणीच्या पलीकडे जाईल असा. उभा जन्म त्या ठणठणाटात गेल्यामुळे तिला हळू बोलताच येत नाही. देवाशी बोलतानाही ती ओरडते. पण गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे सत्याऐंशी साली, कोंडवाड्याच्या अंगणात ती जे बोलली, ते मला अजून नीट करून दाखवता येत नाही. शब्द सगळे पाठ आहेत. तो आवाज काही केल्या गळ्यातून निघत नाही.

सुरुवातीपासून सांगतो.

सरूबाई मालवणाकडची. नवरा लहू, इथल्याच एका कारखान्यात लेथवर होता. तो तरणाताठा गेला तेव्हा तिच्या कडेवर एकच लेक, रुक्मिणी. दीर आले, म्हणाले, "वयनी, गावाक चल."

"गावाक येऊन तुमची भांडी घासू?" म्हणाली, आणि मंगळसूत्राचं सोनं मोडून गिरण टाकली.

रुक्मिणी शाळेत जायला लागली आणि एका पावसाळ्यात तापानं अशी पडली की आईलाही ओळखेना. हॉस्पिटलातले डॉक्टर सकाळ-संध्याकाळ येऊन नुसते उभे राहायचे. तेव्हा सरूबाईनं हॉस्पिटलाच्या जिन्यातूनच गावच्या रवळनाथाला हाक मारली, "माझा चेडू माका परत दी. तुझ्या नावान पाडो सोडतंय!" वॉर्डातल्या नर्सबाई धावत आल्या, कोण मेलं म्हणून.

पोरगी वाचली. सरूबाईनं तबेल्यातून गायीचा एक पाडा विकत आणला.

पाडा सोडणं म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातच आहे. पाड्याच्या कपाळाला कुंकू लावायचं, देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि त्याच्या गळ्यातला दोर कापून टाकायचा. त्यानंतर तो कुणाचाच नाही. देवाचा. त्याला कुणी बांधायचं नाही, जुंपायचं नाही, हाकलायचं नाही. असा सोडलेला बैल म्हणजे पोळ. आणि मुख्य म्हणजे, ज्यानं सोडला त्यानं पुन्हा कधी त्याला 'माझा' म्हणायचं नाही. म्हटलं तर दिलेलं परत घेतलं असं होतं. मग देवही त्यानं दिलेलं परत घ्यायला मोकळा.

गाऱ्हाणं घातलं सहदेव परबांनी. सहदेवकाका सरूबाईच्याच गावचे, इथं एका बँकेत शिपाई, पण चाळीत त्यांचा रुबाब मॅनेजरचा. गाऱ्हाणं घालताना ते डोळे मिटतात, पोट पुढे काढतात आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी थांबतात, तेव्हा सगळ्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं असतं.

"बा देवा रवळनाथा..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या तुझ्या लेकरान बोलल्याप्रमाणा पाडो सोडलेलो असा..."

"व्हय म्हाराजा!"

'व्हय म्हाराजा' मिळालं नाही तर गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही, वाटेतच कुठंतरी पडतं, असं काकांचं पक्कं मत. त्या दिवशी अख्खी चाळ एवढ्या जोरात ओरडली की पाडा दोर कापायच्या आधीच पळाला, मग धरून आणून दोर कापला.

तोच आमचा रवळू. बघता बघता त्याचा डोंगर झाला. पांढराशुभ्र, वशिंड एका बाजूला कललेलं, चाल अशी की आमदार उद्घाटनाला निघालाय. नाक्यावरचा कच्छी वाणी रोज सकाळी त्याला गुळाचा खडा द्यायचा आणि कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटायचा. भाजीवाल्यांचा फ्लॉवर त्यानं उचलला तर भाजीवाला आधी शिवी द्यायचा, मग पाया पडायचा. दहावीच्या निकालाच्या आधी तर त्याच्या शेपटीला हात लावायला रांग लागायची. आख्खं मुलुंड त्याला पोसत होतं. सरूबाई मात्र त्याला कधी हात लावायची नाही. गिरणीसमोरून गेला की नुसती बघायची आणि ओरडायची, "रस्त्याच्या कडेन चल, मेल्या!"

मग रस्त्यापलीकडे चंद्रकोर सोसायटी उभी राहिली.

ती कुणाची चाळ पाडून बांधलेली नव्हती, मिठागराच्या कडेची मोकळी जागा होती, म्हणून कुणी काही बोललं नाही. चार माळे, गच्चीवर टाकी, पुढं हिरवळ आणि हिरवळीच्या कडेला गुलाबाची कलमं. सोसायटीचे सेक्रेटरी नंदकुमार प्रधान. ह्यांची वाक्यं म्हणून दाखवताना हनुवटी जराशी वर करायची आणि प्रत्येक शब्द चमच्यानं वाढल्यासारखा वेगळा काढायचा. ते कधीच ओरडत नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

एप्रिलात एका सकाळी सोसायटीचं फाटक उघडं राहिलं आणि रवळू आत गेला. बारा वर्षांत त्याला कुठलं फाटक आपलं नाही हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं गुलाबाची रांगच्या रांग खाल्ली, हिरवळीवर लोळला आणि तिथंच रवंथ करत बसला. प्रधानांनी फाटक लावून घेतलं, कुलूप घातलं आणि टेम्पो बोलावला.

बातमी गिरणीत पोचली. मुसळं बंद झाली. चाळीत माणसं दारात आली, कारण उन्हाळ्याच्या हंगामात सरूबाईनं गिरण बंद केली म्हणजे काहीतरी जबर झालंय.

"फाटक खोल!"

"बाई, शांतपणे बोला," प्रधान आतून म्हणाले. "हे जनावर आमच्या हद्दीत शिरलं, आमचं नुकसान केलं. जागेच्या कब्जेदाराला असं जनावर धरून कोंडवाड्यात पाठवण्याचा अधिकार आहे. गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा, अठराशे एकाहत्तर."

"अठराशेत तुझो आजो तरी जन्माक इल्लो काय रे?"

"आणि धरलेलं जनावर जबरदस्तीनं सोडवून नेणं हा गुन्हा आहे. हे मी आपल्या भल्यासाठी सांगतोय. आपण ह्याच्या मालक आहात का? असाल तर उत्तम. आपसात मिटवू."

सरूबाईचं बोट हवेत थांबलं. हे पहिल्यांदाच कुणी पाहिलं असेल.

"मालक रवळनाथ," ती म्हणाली.

"त्यांचा पत्ता?"

सोसायटीच्या गॅलऱ्यांतून हसू फुटलं. तेव्हा सरूबाईनं पदर झटकला. प्रधानांनी कायद्याचं पुढचं वाक्य शिंकांमधून पुरं केलं, "कलम... आक्छी... दहा... आक्छी..." पण पुरं केलं. त्यांचं हेच तर डोक्यात जातं. टेम्पो आला. त्यातल्या चौघांनी रवळूच्या गळ्यात दोर टाकला. गळ्यात दोर म्हणजे काय हे तो बारा वर्षांत विसरून गेल्यामुळे त्यानं धडपडसुद्धा केली नाही, नुसता गोंधळून बघत राहिला. सगळा रस्ता बघत उभा होता. गूळ देणारा वाणी, पाया पडणारे भाजीवाले, शेपटीला हात लावून पास झालेले. एकही जण पुढं झाला नाही. सरूबाई टेम्पोच्या मागं ओरडत गेली ती नाक्यापर्यंत.

दुसऱ्या दिवशी चाळीतले पुरुष कोंडवाड्यावर गेले. पुढं सहदेवकाका, कपाळाला गंध, हातात नारळ. दुपारी परत आले ते नारळ घेऊनच, बैल नाही.

तिथं झालं ते असं. कोंडवाड्यावर शिवदास नावाचे एक गृहस्थ होते. जाडजूड, घामेजलेले, खांद्यावर पंचा, बोलणं असं की प्रत्येक वाक्याआधी एक मोठा श्वास. त्यांनी विचारलं, "हं. बैल कुणाचा?"

आणि आमच्या पुरुषांनी छाती काढून, एका सुरात, गाऱ्हाण्याला ओ द्यावी तसं सांगितलं, "देवाचो!"

"म्हणजे तुमच्यापैकी कुणाचा नाही?"

"छे छे! आमचो कसो आसात? देवाचो!"

"नक्की?"

"शपथेवर सांगतो!"

शिवदासांनी श्वास घेतला. "मग बेवारशी. मुदतीत मालक आला नाही तर लिलाव."

हे ऐकल्यावर सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली असणार. शिवदास माणूस वाईट नव्हता. त्यांनी समजावलं, "अहो, कायद्यात मालक लागतो. माणूस लागतो. तुमच्यातल्या कुणीही एकानं 'माझा आहे' एवढं म्हणा, दंड आणि चाऱ्याचा खर्च भरा आणि घेऊन जा. मी उलट विचारणार नाही."

सहदेवकाका मागं सरले. त्यांच्या मागचे त्यांच्याही मागं सरले. देवाच्या वस्तूला 'माझी' म्हणायचं? कुणाच्या मुलाची नोकरी लागायची होती, कुणाची सून अडली होती, कुणाला आधीच साडेसाती होती. आणि लिलावात पांढरा, अंगानं भरलेला, कधी जोताला न लागलेला बैल कोण घेणार आणि कशाला, हे कुणी मोठ्यानं बोललं नाही. बोलायची गरज नव्हती.

सरूबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग चाळीच्या मधल्या अंगणात उभी राहिली.

"तुमका तोंडा कशाक दिली रे देवान? एक गोष्ट बोलाची नाय हुती, ती आख्ख्यांनी मिळान बोलल्यात! 'देवाचो, देवाचो!' त्या कोंडवाडेवाल्यान इचारल्यान ता काय तुमच्या भक्तीची परीक्षा घेऊक?"

"सरू, खोटा कसा बोलूचा?" सहदेवकाका म्हणाले. "देवाची मालकी आपण कशी सांगूची?"

"बँकेत सायबाच्या नावान सही ठोकतास तेव्हा देव खंय असता?"

काका घरात गेले आणि कडी लागल्याचा आवाज आला.

पण खरी गोष्ट सगळ्यांना माहीत होती, आणि सरूबाईला सगळ्यांत जास्त. पाडा सोडला होता तिनं. 'माझा' म्हणायचा हक्क कुणाचा असेल तर तिचाच होता, आणि नेमकं तिलाच ते म्हणता येत नव्हतं. कारण रुक्मिणी घरात होती. लग्न होऊन ठाण्याला दिलेली रुक्मिणी पहिल्या बाळंतपणाला आईकडे आली होती, दिवस अगदी भरत आले होते. जिच्या बदल्यात बैल दिला, तीच आता पोट घेऊन खोलीच्या दारात बसलेली. देवानं दिलेलं परत घ्यायचं ठरवलं तर त्याला लांब शोधत जायची गरज नव्हती.

त्या आठवड्यात सरूबाई ज्याच्या त्याच्यावर भडकली. गिऱ्हाइकाची मिरची ओली म्हणून, नळाला पाणी कमी म्हणून, पोरं अंगणात खेळतात म्हणून, खेळत नाहीत म्हणून. रोज संध्याकाळी चंद्रकोर सोसायटीच्या फाटकासमोर जाऊन प्रधानांच्या सात पिढ्या मोजून यायची. आम्ही खिडकीतून ऐकायचो आणि रात्रीच्या जेवणाला एकमेकांना ऐकवायचो. मजा यायची, खोटं कशाला बोलू. पण एक लक्षात येत होतं. ती सगळ्यांना शिव्या देत होती, फक्त कोंडवाड्यावर जात नव्हती.

एका संध्याकाळी रुक्मिणी दारातून म्हणाली, "आये, मी जातंय. मी सांगतंय, माझो म्हणून. माझ्यासाठीच सोडलो हुतो ना?"

सरूबाई वळली. सगळी चाळ कान टवकारून बसली.

"परत बोललंस तर बघ," ती म्हणाली.

एवढंच. हळू. शेजारच्या खोलीत जेमतेम ऐकू जाईल इतकं हळू. तिला असं बोलता येतं हे त्या दिवशी कळलं, आणि कुणालाच त्याची नक्कल करावीशी वाटली नाही.

लिलावाच्या सकाळी गिरणीवर मिरच्यांच्या पिशव्यांची रांग लागली होती. सरूबाईनं गिरण उघडलीच नाही. नवं लुगडं नेसली, कमरेला पिशवी खोचली आणि बसस्टॉपवर जाऊन उभी राहिली. मागून रुक्मिणी आली.

"तू खंय?"

"तू खंय, थंय."

"वाटेत कळा इल्यो तर?"

"तर कोंडवाड्यात बाळंत व्हतंय. देवाचा म्हणून थंयच ठेवतले."

बसस्टॉपवर उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना हसू आलं. सरूबाईला नाही आलं. पण तिनं लेकीला परतही पाठवलं नाही.

कोंडवाड्याचं अंगण म्हणजे शेणाचा चिखल, वर पत्रे, एका बाजूला पाण्याचं टाकं. गायी, दोन म्हशी, शेरडांचा एक कळप, आणि एका टोकाला रवळू. त्याच्या मानेला दोरानं कातडं सोलवटलं होतं. पुढं हिरवा चारा पडला होता, त्याला त्यानं तोंड लावलेलं नव्हतं. सरूबाईला पाहून त्यानं मान उचलली, दोर ताणला, पुन्हा खाली घातली. शिवदास तिला बघून म्हणाले, "चारा मी रोज टाकतो हो बाई. खात नाही. मी काय करू?"

व्यापारी आले होते, पाचसहा. त्यांत एक म्हातारे होते, हुसेनमियां, डोक्याला जाळीची टोपी, दाढी मेंदीनं लाल केलेली. ते रवळूभोवती फिरून त्याची पाठ हातानं चाचपत होते. आणि टाक्याजवळ, चिखल नसलेली जागा शोधून, रुमालानं नाक धरून कोण उभं असावं? नंदकुमार प्रधान.

"कार्यवाही पूर्ण झाल्याची खात्री करायला आलोय," ते म्हणाले, कुणी न विचारता. "अर्धवट सोडायची मला सवय नाही."

शिवदासांनी घसा साफ केला. "हा पांढरा बैल. मालक कुणी हजर आहे का?"

रुक्मिणीनं आईकडं पाहिलं. सरूबाई रवळूकडं बघत होती.

"दुसऱ्यांदा विचारतो. मालक हजर आहे का?"

"थांब," सरूबाई म्हणाली. ती चिखलातून पुढं गेली, चप्पल मागंच रुतली. रवळूच्या पुढं उभी राहिली, डोळे मिटले, हात जोडले. बायकांनी गाऱ्हाणं घालायचं नसतं. गाऱ्हाणं पुरुष घालतो, गावचा मान असलेला. तो मान असलेला घरात कडी लावून बसला होता.

"बा देवा रवळनाथा!"

ती थांबली. 'व्हय म्हाराजा'साठी जेवढं थांबतात तेवढी. म्हशीनं शेपूट आपटलं. बाकी काही नाही.

"ही सरू, लहूची बायल, कोंडवाड्यात उभी असा. आयकतंस मां?"

थांबली. काही नाही.

"तुका पाडो दिलंय. हातचो राखून नाय दिलंय. दोर कापलंय, परत कधी हात लावलंय नाय. तू घेतलंस. आज तुझ्या पाड्याक गळ्यात दोर घालून चिखलात उभो केलेलो असा, आणि हे माणूस दोनदा इचारतत, मालक कोण? तू खंय असंस?"

तिचा आवाज चढत गेला. व्यापारी मागं सरकले.

"मालक असशीत तर ये! आता ये, हयसर! पालखीत बसूक येतंस. नारळ घेऊक येतंस. कोंब्याचो मान घेऊक येतंस. कोंडवाड्यात येवक तुका लाज वाटता? शेण लागतला? ह्या पाड्याक बारा वर्सा आख्ख्या गावान तुझो म्हणून पाया पडान घेतल्यानी, आणि धरून नेल्यानी तेव्हा एक मेलो पुढे इलो नाय. ते नाय इले तर नाय. ती माणसा. तू कित्याक नाय इलंस?"

शिवदासांनी पंचा तोंडाला लावला होता.

"नाय इलंस. बरा. मग आयक. आजपासून ह्यो तुझो नाय. माझो! दिलेली वस्तू मी परत घेतंय असा तू म्हणशीत. मी म्हणतंय, तू टाकलेली वस्तू मी उचलतंय. आणि ह्याचा उट्टा म्हणून माझ्या चेडवाक हात लावशीत, तर तुझ्या देवळाच्या पायरेर येऊन बसतलंय आणि साऱ्या मुलखाक सांगतलंय, ह्या देवाक आपला राखूक येणा नाय, म्हणून दुसऱ्याचा पळवता! आयकलंस? आयकलंस काय?"

गाऱ्हाणं संपलं. ती उभी राहिली. डोळे अजून मिटलेले, छाती वरखाली होणारी. चाळीतले आम्ही तिघंचौघं त्यांच्या मागोमाग बसनं आलो होतो. आमच्या तोंडून 'व्हय म्हाराजा' निघायला हवं होतं. निघालं नाही. देवाला दिलेल्या धमकीला ओ कशी द्यायची, कुणाला माहीत होतं?

"व्हय म्हाराजा!"

म्हातारा, खणखणीत आवाज. सगळे वळले. हुसेनमियां रवळूच्या पाठीवरचा हात काढत होते.

सरूबाईनं डोळे उघडले. "तुमका कोणी इचारल्यान?"

"कोणी नाय," ते म्हणाले. "राजापूरकडलो मी. लहानपणी शिमग्यात सगळ्यांबरोबर आमी पण वरडायचो. गाऱ्हाणां अर्धां टाकू नये, बाय. चांगलां नसतां." आणि बाकीच्या व्यापाऱ्यांकडे बघून म्हणाले, "चला, ह्यो गेलो. म्हशी बघूया."

शिवदासांनी मोठा श्वास घेतला. "तर मालक..."

"मी. सरस्वती लहू गावकर. माझो."

तिनं दंड भरला, चाऱ्याचा खर्च भरला. प्रधान रुमाल नाकावर धरूनच जवळ आले.

"म्हणजे आता आपण कायदेशीर मालक. मग आमच्या नुकसानीचं..."

"किती कलमा खाल्ल्यान?"

"एक अख्खी रांग."

"रांगभर लावन देतंय. माझ्या हातान. आणखी?"

"आणि ह्यापुढे जनावर मोकळं सोडता येणार नाही. बांधून ठेवावं लागेल. मोकळं सापडलं तर ह्या वेळी मालक माहीत आहे."

"ता माका कळता. माका अठराशे एकाहत्तर नको सांगू. आता बाजूक हो, माझो बैल जाता."

'माझो बैल'. शब्द दातांखाली खडा चावावा तसा म्हणाली.

तिनं कलमं खरंच लावली. मे महिन्याच्या उन्हात, सोसायटीच्या हिरवळीवर उकिडवी बसून, एकेक खड्डा काढून, आणि प्रत्येक खड्ड्यात एक शिवी पुरून. वरच्या गॅलऱ्यांत पुन्हा माणसं उभी होती, पण ह्या वेळी कुणी हसलं नाही. प्रधान स्वतः पाण्याची बादली घेऊन आले. तिनं ती घेतली नाही, स्वतःची भरून आणली.

आणि रवळू गिरणीच्या मागं बांधला गेला. आता ऐका मुलुंडची भक्ती. सरूबाई वाण्याकडे गुळासाठी गेली. हा तोच, रोज कानात काहीतरी मागणारा. तो म्हणाला, "हवे तो तमारो छे ने, बाई," म्हणजे आता तो तुमचाच ना, आणि गूळ विकत तोलून द्यायला तराजूकडे हात नेला. भाजीवाल्यांनी टाकाऊ पाला द्यायचंही बंद केलं. "मालक हाय ना आता? मालक घालंल." देवाचा होता तोवर त्याला खाऊ घालण्यात पुण्य होतं. सरूबाईचा झाला तेव्हा तो नुसता एक बैल झाला, दिवसाला ढीगभर खाणारा. चाळीतून येता-जाता कुणाचा हात सवयीनं कपाळाला गेला की ती गिरणीतून ओरडायची, "पाया पडू नको! देव नाय तो! गवत हाड!" कुणी आणलं नाही. ती पहाटे उठून मिठागराच्या कडेनं स्वतः कापून आणायची, मग दिवसभर मिरची कांडायची.

रुक्मिणीला कळा आल्या तेव्हा सगळी चाळ अंगणात जमली. कुणी मोठ्यानं काही बोलत नव्हतं, पण सगळे सरूबाईकडे असं बघत होते जसं निकालाच्या फळ्याकडे बघतात. हॉस्पिटलात ती बाळंतपण अडलं म्हणून डॉक्टरवर ओरडली, नर्सवर ओरडली, जावयावर तर विनाकारण ओरडली. वर मान करून मात्र एक अक्षर बोलली नाही. जे सांगायचं ते तिनं सांगून ठेवलं होतं.

मुलगी झाली. दोघी सुखरूप.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी सहदेवकाका आले. कपाळाला गंध, हातात नारळ, मागं तेच सगळे पुरुष. पोट पुढं काढून म्हणाले, "सरू, देवान तुका माफ केल्यान."

गिरणीची मुसळं थांबली.

"माफ?"

"म्हणजे, चेडू सुटलां, नात इली..."

"माफ कित्याक? माझो काय गुन्हो? कोंडवाड्यात कोण गेलो हुतो आणि कोण परत इलो?"

"ता जावंदे. मी काय म्हणतंय, आता परत रीतसर सोडूया त्याका. मी गाऱ्हाणा घालतंय. देवाची वस्तू देवाक..."

"आणि उद्या परत फाटकात घुसलो, परत धरून नेल्यानी, तर तुम्ही परत जाऊन काय सांगतलास?"

काकांनी मागच्या पुरुषांकडे पाहिलं. मागचे पुरुष त्यांच्या नारळाकडे बघत होते.

सरूबाई उठली. सगळ्यांनी घाईघाईनं नाकाला हात लावले. पण तिनं पदर झटकला नाही. नातीची झोळी दारात टांगलेली होती, ती पलीकडे सरकवली आणि दारात उभी राहिली.

"देवाक होयो आसात तर देवान येऊन मागूचो. तुमका पाठवू नये म्हणून सांगा त्याका. म्हणावा, सरू घरातच असा. खंय जाणा नाय."